खांदा जखडला होता, डोंबिवलीतल्या या फिजिओथेरपी क्लिनिकचा सहा महिन्यांचा अनुभव

हा रिव्ह्यू मी मुद्दाम सहा महिने थांबून लिहितेय. दोन सिटिंग झाल्या झाल्या लोकांनी लिहिलेले पाच स्टारवाले रिव्ह्यू वाचूनच मी आधी दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते आणि तिथे पैसे गेले ते गेले पण महिना-दीड महिना वाया गेला, आणि खांदा जखडलेला असताना दीड महिना किती मोठा असतो हे ज्याला झालंय त्यालाच कळेल.

माझी थोडी माहिती देते म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. वय ५३, डायबेटीस ९ वर्षं, नोकरी फोर्टला, म्हणजे रोज डोंबिवली ते सीएसएमटी लोकल. मागच्या दिवाळीच्या सुमारास उजवा खांदा दुखायला लागला. पडले नाही, लागलं नाही, काही जड उचललं नाही, असंच सुरू झालं. आधी वाटलं गर्दीत हँडल धरून धरून दुखत असेल, मग बाम झाला, गरम पाण्याची पिशवी झाली, शेजारच्या काकूंनी दिलेलं तेल झालं. रात्री त्या कुशीवर वळले की झोपेतून जाग यायची एवढं दुखायचं. आणि मग हळूहळू दुखण्यापेक्षा हात वर जाणंच बंद झालं. ब्लाउजचे मागचे हुक लागेनात, वलणीवर कपडे टाकता येईनात, वरच्या फळीवरचा रव्याचा डबा काढता येईना, अंबाडा घालायला हात डोक्यामागे जाईना. मुलगी कॉलेजला निघायच्या आधी माझे केस बांधून द्यायची आणि मी तिच्याकडे पाठ करून बसलेली असायचे म्हणून तिला माझे डोळे दिसायचे नाहीत एवढंच.

ऑर्थोपेडिकने एक्स-रे काढला, नॉर्मल. म्हणाले फ्रोझन शोल्डर आहे, फिजिओथेरपी घ्या. चिठ्ठीवर एवढंच लिहिलं. कुठली फिजिओथेरपी, किती दिवस, काय विचारायचं, काहीच नाही. आपल्याला फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि करंट एवढंच माहीत असतं.

तर ते पहिलं ठिकाण. नाव लिहीत नाही, कारण तशी ठिकाणं गल्लोगल्ली आहेत. दहा सिटिंगचं पॅकेज, चार हजार आगाऊ. गेलं की झोपायचं, खांद्यावर गरम पॅक, मग आयएफटीचे पॅड म्हणजे ते मुंग्या आल्यासारखं करंट लागतं ते, मग जेल लावून पाच-सात मिनिटं अल्ट्रासाउंड, आणि बेल वाजली की पुढचा पेशंट. हे सगळं तिथली मदतनीस मुलगी करायची. दहा दिवसांत माझा हात कुणी एकदाही हातात धरून वर करून बघितला नाही. शुगर आहे का हे कुणी विचारलं नाही. शेवटच्या दिवशी म्हणाले घरी हात फिरवत राहा आणि अजून दहाचं पॅकेज घ्या. मशीन वाईट असतं असं मी म्हणत नाहीये, त्या शेकाने दोन-तीन तास बरं वाटायचं हे खरंय, पण हात जिथे अडत होता तिथेच अडत राहिला.

मग ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या सासूबाईंचा गुडघा इथे बरा झाला होता म्हणून फेब्रुवारीत इथे आले. आणि पहिल्याच दिवशी मला फरक कळला.

पहिली व्हिजिट जवळजवळ ५० मिनिटं चालली आणि त्यात एकही मशीन लावलं नाही. इथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आधी नुसतं विचारलं. कधीपासून, रात्री दुखतं का, कुठल्या कुशीवर झोपता, पर्स कुठल्या खांद्याला लावता, शुगर किती, थायरॉईड तपासलंय का. मी म्हटलं खांद्याचा आणि शुगरचा काय संबंध, तर त्यांनी सांगितलं की डायबेटीस असलेल्यांना फ्रोझन शोल्डर होण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त असते आणि बरं व्हायलाही वेळ लागतो, थायरॉईडच्या त्रासातही हे दिसतं, आणि साधारण चाळीस ते साठ या वयात, त्यातही बायकांना जास्त. नऊ वर्षं मी डायबेटीसच्या गोळ्या घेतेय, पाय तपासा डोळे तपासा हे सगळं ऐकलंय, खांद्याचं मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी इथे ठळकपणे लिहितेय, घरात कुणाला शुगर असेल आणि खांदा दुखत असेल तर बाम लावत बसू नका.

मग त्यांनी हात तपासला. आधी मला स्वतःला वर करायला सांगितला, जिथे अडला तिथे थांबवलं. मग मला हात पूर्ण सैल सोडायला लावला आणि त्यांनी स्वतः हळूच वर न्यायचा प्रयत्न केला, तर तोही तिथेच अडला. त्या म्हणाल्या हीच खूण आहे. स्नायूची दोरी तुटली असती तर तुम्हाला हात उचलता आला नसता पण मला बऱ्यापैकी वर नेता आला असता, इथे सांधाच जखडलाय म्हणून दोघींनाही जमत नाही. सांध्याभोवती एक पातळ आवरण असतं, ते सुजून जाड होतं आणि आटतं. मला समजावं म्हणून म्हणाल्या, "काकू, सुती ब्लाउज पहिल्या धुण्यात आटला की काखेत कसा दाटतो, हात वर केला की ओढतो, तसंच झालंय आतून." एका वाक्यात मला सगळं कळलं. एक्स-रे नॉर्मल का आला तेही कळलं, कारण एक्स-रेत हाडं दिसतात, हे आवरण दिसत नाही.

नंतर कंपासपेटीतल्या कोनमापकासारखं, पण दोन लांब पट्ट्या असलेलं एक साधन घेऊन कोन मोजले. समोरून हात वर ९५ (पूर्ण १८० जायला हवा), बाजूने ७०, आणि कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर फिरवला तर फक्त १०, जो खरं तर बराच जास्त असायला हवा. हा बाहेर फिरवायचाच कोन यात सगळ्यात जास्त जातो म्हणे. कागदावर तारीख टाकून लिहिलं आणि मग विचारलं, तुम्हाला नेमकं काय करता यायला हवंय. मी म्हटलं अंबाडा आणि लोकलचं हँडल. त्यांनी तेच दोन शब्द कागदाच्या वर मोठ्या अक्षरात लिहिले. तो कागद अजून माझ्या फाईलमध्ये आहे.

फ्रोझन शोल्डर हे नाव १९३४ साली कॉडमन नावाच्या अमेरिकन सर्जनने दिलंय हेही त्यांनीच सांगितलं, आणि त्यांच्याच नावाचा व्यायाम मला पहिल्या दिवशी दिला. डाव्या हाताने टेबल धरून कमरेत वाकायचं, उजवा हात खाली सैल सोडायचा आणि अंग हलवून तो हात लंबकासारखा झुलू द्यायचा, पुढे-मागे, डावी-उजवीकडे, मग छोटे गोल. हात आपण फिरवायचा नाही, अंगाच्या हलण्याने फिरला पाहिजे, हे मला तीन वेळा चुकल्यावर जमलं. पहिल्या ठिकाणी "हात फिरवत राहा" म्हणाले होते तेव्हा मी गरागरा फिरवायचे आणि रात्री कळवळायचे, ते का ते इथे कळलं.

त्यांनी हेही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की हे पंधरा दिवसांत बरं होणारं दुखणं नाही. आधी काही महिने दुखण्याचे, मग दुखणं कमी होतं पण हात अडकलेला राहतो ते काही महिने, आणि मग हळूहळू सुटतो, सगळं मिळून वर्ष ते दोन-तीन वर्षंही लागू शकतात. ऐकून मला घाम फुटला, पण खरं सांगितलं म्हणून विश्वासही बसला. त्या म्हणाल्या व्यायामाने आपण तो काळ सुसह्य करायचा, हात जेवढा हलतोय तेवढा गमवायचा नाही आणि थोडा थोडा पुढे न्यायचा. गळ्यात पट्टा अडकवून हात बांधून ठेवायचा नाही, त्याने उलट जास्त आखडतो.

आता घरचे व्यायाम, कारण खरं काम तिथेच झालं. दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटं, एकदम अर्धा तास नाही. आधी दहा मिनिटं गरम पिशवी (टॉवेलात गुंडाळून, आणि शुगरवाल्यांनी आधी दुसऱ्या हाताने किंवा घरच्यांकडून गरमपणा बघून घ्यायचा, संवेदना कमी असेल तर भाजलेलं कळत नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं). मग लंबक. मग भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, जिथे अडेल तिथे पंधरा-वीस सेकंद थांबायचं, आणि तिथे पेन्सिलने खूण करून तारीख टाकायची. आमच्या बेडरूमच्या भिंतीवर फेब्रुवारीपासूनच्या खुणा आहेत, ह्यांनी रंग काढायचा विषय काढला होता, मी म्हटलं अजून नाही. तिसरा काठीचा, उताणं झोपून कोपराखाली घडी केलेला टॉवेल ठेवायचा, दोन्ही हातात मॉपची काठी धरायची आणि डाव्या हाताने काठी ढकलून उजवा हात बाहेर न्यायचा. हा सगळ्यात दुखरा आणि हाच सगळ्यात कामाचा. पाठीमागे ओढणी धरून वर ओढायचा व्यायाम त्यांनी लगेच दिला नाही, दोन महिन्यांनी दिला, आणि का ते सांगितलं, की आधी दिला असता तर नुसतं दुखणं वाढलं असतं.

दुखण्याचा नियम मला फार उपयोगी पडला. व्यायाम करताना ताण बसणार, थोडं दुखणार, दहापैकी चार-पाच पर्यंत चालेल, पण ते अर्ध्या तासात शांत झालं पाहिजे. रात्री झोप मोडायला लागली तर आदल्या दिवशी जास्त झालं, दुसऱ्या दिवशी कमी करा पण बंद करू नका. हे माहीत नसल्याने किती जण एकतर सगळं सोडून देतात नाहीतर दात-ओठ खाऊन ताणत बसतात.

सिटिंगला आल्यावर त्या स्वतः हाताने सांधा सैल करतात, एक हात खांद्याच्या पात्यावर दाबून ठेवतात आणि दुसऱ्या हाताने दंड अगदी हलका हलका सरकवतात. आणि आरशासमोर व्यायाम करून घेतात. मला वाटायचं माझा हात वर जातोय, आरशात दिसलं की हात जात नाहीये, मी अख्खा खांदा कानाकडे उचलतेय. पंधरा दिवस त्या फक्त तेवढंच सांगत होत्या, "काकू, खांदा खाली, मान लांब." शेकासाठी त्याही कधीकधी पॅक लावतात, पण हात हलवण्याच्या आधी तयारी म्हणून आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

झोपेचं त्यांनी सांगितलेलं मी सगळ्यांना सांगत असते. उताणं झोपलात तर कोपराखाली छोटी उशी, म्हणजे दंड मागे लोंबत नाही. चांगल्या कुशीवर झोपलात तर छातीशी एक उशी घेऊन दुखरा हात त्यावर ठेवायचा. पहिल्याच रात्री सलग चार तास झोप लागली, महिन्यांनंतर. ऑफिसमध्ये माउस अंगाजवळ घ्यायला लावला, कोपराला आधार, आणि पर्स डाव्या खांद्याला.

मार्चमध्ये प्रगती अडली, रात्रीचं दुखणं जाईना. तेव्हा इथे मला वाटतं दुसऱ्या कुणी अजून सिटिंग लावल्या असत्या. यांनी मला परत ऑर्थोपेडिककडे पाठवलं, सांध्यातल्या स्टिरॉइड इंजेक्शनबद्दल विचारायला. मी स्टिरॉइड शब्दालाच घाबरले होते. त्यांनी नीट समजावलं की सुरुवातीच्या दुखऱ्या काळात याचा उपयोग होतो आणि दुखणं कमी झालं की व्यायाम करता येतो, पण डायबेटीसमध्ये काही दिवस शुगर वाढते म्हणून आधी तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना सांगा. घेतलं. उपाशीपोटी शुगर पाच दिवस २३०-२४० होती, डॉक्टरांनी तेवढ्यापुरते डोस बदलून दिले, मग खाली आली. आणि आठवड्याभरात त्या कुशीवर वळता यायला लागलं. तिथून पुढे कोन भराभर वाढले. याच निमित्ताने माझं एचबीए१सी (म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ९.१ आहे हेही समोर आलं, आता ७.४ आहे, ते खांद्याइतकंच महत्त्वाचं मानते मी.

मधे आमच्या नात्यातल्या एकांनी एका मालिशवाल्याचं नाव सुचवलं होतं, एका झटक्यात खांदा मोकळा करतो म्हणून. मी मॅडमना विचारलं तर त्या पहिल्यांदाच जरा कडक आवाजात बोलल्या. भूल देऊन ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन सांधा मोकळा करतात तेव्हासुद्धा हाड मोडण्याची जोखीम असते, आणि पन्नाशीच्या बाईची हाडं ठिसूळ आहेत की नाही हे न बघता कुणी झटका द्यायचा म्हणजे काय. गेले नाही मी.

कोनांचा हिशोब देते. समोरून हात ९५ वरून एप्रिलमध्ये १२०, जूनमध्ये १४५, आता ऑगस्टमध्ये १६०. बाहेर फिरवायचा १० वरून २५, ४५ आणि आता ६०. पाठीमागे हात आधी कमरेच्या हाडापर्यंत जेमतेम, आता ब्लाउजच्या खालच्या हुकापर्यंत, वरचे दोन अजून लागत नाहीत आणि तो कोन सगळ्यात शेवटी येतो हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. जूनपासून रबरी पट्ट्याने ताकदीचे व्यायाम, हलका पिवळा झाला, आता त्याहून जरा कडक लाल पट्टा चालू आहे. अंबाडा जूनच्या शेवटी घातला. मुलगी दारात उभी राहून बघत होती, मी तिला म्हटलं तू जा कॉलेजला. हँडल जुलैत धरलं, ठाण्यापर्यंत, मग हात दमला.

पैसे. पहिली व्हिजिट ६००, नंतर ४५०. एकूण २२ सिटिंग झाल्या, म्हणजे दहा हजाराच्या आसपास, सहा महिन्यांत. पॅकेज नाही, जेव्हा जाल तेव्हाचे पैसे. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, मग एकदा, आता तीन आठवड्यांतून एकदा, आणि कमी करा हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. माझ्या मेडिक्लेममध्ये ओपीडी बसत नाही, तुमचं तुम्ही बघा. भिंतीवर डिग्री आणि राज्याच्या भौतिकोपचार परिषदेचं रजिस्ट्रेशन लावलेलं आहे. कुठेही गेलात तरी हे दोन्ही बघा, कारण फिजिओथेरपीची डिग्री इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षांची असते आणि चार मशीन घेऊन बसलेल्या प्रत्येकाकडे ती असतेच असं नाही.

आता तक्रारी, त्याही आहेत. क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. खांद्यावाल्यांचं ठीक आहे पण गुडघ्याचे पेशंट, ऐंशीच्या आजी, कठडा धरून एकेक पायरी चढतात ते बघून फार वाईट वाटतं. गुडघ्यासाठीच येणाऱ्यांना जिना चढायला लावणं हे बरोबर नाहीच, मी मॅडमना बोलले, त्या म्हणाल्या जागा शोधतेय, पण सहा महिने तेच उत्तर आहे. संध्याकाळी सातनंतर अपॉइंटमेंट असूनही अर्धा-पाऊण तास बसावं लागतं. फोन उचलत नाहीत, मेसेज करावा लागतो. व्यायामाचा छापील कागद फक्त इंग्रजीत आहे, माझं चाललं पण माझ्या शेजारी बसणाऱ्या आजोबांनी तो मला वाचून दाखवायला सांगितला, डोंबिवलीत मराठी कागद असायलाच हवा. आणि मे महिन्यात एकदा मॅडम सुट्टीवर असताना त्यांच्या ज्युनिअरने मला ओढणीचा व्यायाम जोरात करायला लावला, दोन रात्री झोप गेली. मॅडम आल्यावर त्यांनी ऐकून घेतलं, ज्युनिअरला माझ्यासमोरच नीट दाखवलं, आणि त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. तरी त्या दोन रात्री माझ्या गेल्याच.

एक गोष्ट मी तिथे स्वतः पाहिली ती लिहायलाच हवी. वेटिंगमध्ये एक गृहस्थ डावा खांदा दुखतोय म्हणून आले होते, घामाघूम आणि धाप लागलेली. मॅडमनी त्यांना टेबलवर घेतलंच नाही, मुलाला सांगितलं आधी हॉस्पिटलमध्ये घेऊन जा, ईसीजी काढा, हे फिजिओचं काम नाही. पुढे काय झालं मला माहीत नाही पण त्या दिवशी त्यांनी पेशंट परत पाठवला हे मी डोळ्यांनी बघितलंय. तसंच पडल्यानंतर दुखत असेल, सांधा सुजून लाल झाला असेल, ताप असेल तर आधी डॉक्टर, मग इथे या.

जाणार असाल तर मंगळवारी किंवा गुरुवारी दुपारी जा, मॅडम स्वतः असतात आणि गर्दी नसते. सैल बाह्यांचा कुर्ता घाला, खांदा उघडा करून बघावा लागतो, आत पडदा आहे. एक्स-रे, शुगरचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर न्या, त्या सगळं बघतात.